आराखडा झाल्यावर नको, आधी बोलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाश्वत शहरं, सामाजिक उद्योजकता आणि लोकसहभाग या विषयावर आपल्या बेळगावात झालेल्या कार्यशाळेची बातमी तुमच्या पेपरात वाचली. बेंगळूर-पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांची भाषणं तुम्ही सविस्तर छापलीत त्याबद्दल आधी आभार, कारण असल्या विषयाला मराठी पेपरात एवढी जागा मिळत नाही. पण बातमी दोनदा वाचली तरी त्यात वडगाव-शहापूरच्या शिवारातला एक शेतकरी सापडला नाही, कचऱ्याच्या गाडीवरची एक बाई सापडली नाही, कुठल्या गल्लीच्या पंच मंडळाचा एक माणूस सापडला नाही. ज्यांच्याबरोबर भागीदारी करायची म्हणून सगळे बोलत होते ती माणसंच हॉलमध्ये नव्हती, आणि हे कुणाला खटकलं असंही बातमीत कुठं दिसलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी बाहेरनं बोट दाखवत नाहीये, हे आधी सांगते. मी याच कामात आहे. सर्वे करणं, गल्लीत बैठका लावणं, गटचर्चा घेणं, लोक काय बोलले ते लिहून वर पाठवणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. मोठ्या कन्सल्टन्सी कंपन्यांना आपल्या भागात शिरायला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसं लागतात, ती माणसं म्हणजे आमच्यासारखी मुलंमुली. त्यामुळं आराखडा कसा तयार होतो हे आतनं बघितलंय आणि मला एकच गोष्ट सांगायचीय. लोकांना आराखडा झाल्यावर बोलवायचं बंद करा, आधी बोलवा, आणि ज्यांनी आराखडा केला त्यांनी निदान काम झाल्यानंतरचा एक पावसाळा तरी इथं काढावा.

आता होतं काय ते सांगते. टेंडर निघतं, कंपनीला काम मिळतं, डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, द्यायला दोन-चार महिने असतात. त्यातला बराच वेळ सॅटेलाइटचे नकाशे, जुने रिपोर्ट, ऑफिसातनं आकडे मिळवणं यात जातो. पैशाचे हेड ठरतात, रस्त्याला किती, गटारीला किती, सुशोभीकरणाला किती. मग शेवटच्या पंधरवड्यात आठवण होते की लोकसहभाग राहिला. बॅनर छापला जातो, हॉल घेतला जातो, हजेरीचा कागद फिरतो, फोटो काढले जातात, आणि तो कागद आणि ते फोटो रिपोर्टच्या मागं परिशिष्टात लागतात. त्या बैठकीत लोक कितीही पोटतिडकीनं बोलले तरी आराखड्यातली एक रेघ हलत नाही, कारण हलवायला वेळच ठेवलेला नसतो. यात कुणी एक माणूस वाईट आहे असं नाही, कामाचा क्रमच असा लावलाय.

एक उदाहरण देते, कंपनीचं नाव घेत नाही. वडगावात एका देवळाच्या सभामंडपात बळ्ळारी नाल्याबद्दल बैठक होती. भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावलेला. नाला निळ्या रंगात, अगदी पट्टीनं ओढल्यासारखा सरळ, आणि दोन्ही बाजूची भाताची खाचरं फिकट राखाडी रंगात, म्हणजे रिकामी जागा. एक वयस्कर शेतकरी मामा उठले, चष्मा कपाळावर घेतला, नकाशाच्या अगदी जवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, "ह्यो नाला असा सरळ जातोय होय? हितं मोरी हाय बघा, बारकी. जलपर्णी येऊन तोंडाला अडकली की पाणी फुडं जातच न्हाई, उलटं फिरतंय आन आमच्या खाचरात शिरतंय. लावण केलेलं रोप चार दिवसात कुजतंय." मग त्यांनी कुठल्या बांधावरनं पाणी आधी चढतं, कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीपर्यंत आलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं, सगळं बोटानं दाखवलं. तिथं बसलेल्या सात-आठ शेतकऱ्यांनी मध्येमध्ये दुरुस्त्या सांगितल्या, एकानं तर मोरीची रुंदी हातानं मोजून दाखवली. अर्ध्या तासात त्या सभामंडपात जेवढी माहिती जमली तेवढी आमच्या कुठल्या मशीननं गोळा केली नव्हती. मी सगळं लिहून घेतलं आणि पाठवलं. अंतिम रिपोर्टमध्ये त्या बैठकीबद्दल एक ओळ आली, नागरिकांनी पूरस्थितीबाबत चिंता व्यक्त केली. बास. मोरीचं नाव नाही, रुंदीचा आकडा नाही.

बळ्ळारी नाल्याचं दुखणं तुमच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, हलगा या सगळ्या शिवारातल्या लोकांना दर पावसाळ्यात याचा मार बसतो. शहराचं सांडपाणी त्यात, प्लास्टिक त्यात, जलपर्णी त्यात, आणि हे सगळं पुढं मार्कंडेय नदीला, तिथनं घटप्रभेला आणि शेवटी कृष्णेला जातं. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाची जमीन किती वर्षं वादात राहिली तेही सगळ्यांनी बघितलंय. पण तज्ज्ञ मंडळींना मला हे सांगायचंय की बेळगाव बासमती जिथं पिकतो ती ही खाचरं म्हणजे शहराचं फुकटचं पूरनियंत्रण आहे. बांध घातलेल्या शेतात पावसाचं पाणी थांबतं, मुरतं, हळूहळू उतरतं. तीच जमीन भराव टाकून उंच केली की पाणी जाणार कुठं, शेजारच्या गल्लीतच ना. बेळगावला वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शाश्वत शहराच्या प्रेझेंटेशनमध्ये चीनच्या स्पंज सिटीचे, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवणाऱ्या शहरांचे, फोटो दाखवतात, छान असतात ते फोटो, पण आपल्या दारातला स्पंज राखाडी रंगात रिकामी जागा म्हणून दाखवतात हे बघवत नाही. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी एवढी वर्षं विरोध केला, पिकातली जमीन जाताना रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं. त्यांच्या म्हणण्यात नुकसानभरपाईच्या पलीकडं पाण्याचा जो हिशोब होता तो कुठल्या नियोजनकारानं कागदावर घेतला?

स्मार्ट सिटीचं बघा. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी आली त्यात कर्नाटकातनं दावणगेरी आणि आपलं बेळगाव, आपल्याला किती आनंद झाला होता. केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढाच वाटा राज्य आणि स्थानिक संस्थेचा, असा हिशोब होता. मार्च २०२५ ला ते मिशन संपलं. काही रस्ते झाले, फुटपाथ झाले, कंट्रोल रूम झाली, ज्या गोष्टी चांगल्या झाल्या त्या झाल्याच, त्या नाकारायच्या नाहीत. पण त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत नागरिकांचा सहभाग ठळक अक्षरात होता, आणि आपल्याकडं तो कसा घेतला गेला? ऑनलाइन मतं, फॉर्म, स्पर्धा, फोटो. व्हॅक्सिन डेपोच्या हिरव्या जागेत बांधकाम नको, झाडं तोडू नका म्हणून टिळकवाडीच्या लोकांना ओरडावं लागलं, ते काम सुरू झाल्यावर. ती ओरड आराखड्याच्या टेबलावर आधी आली असती तर पैसा, वेळ, झाडं, तिन्ही वाचलं असतं.

पाण्याचंही तसंच आहे, पण तिथं एक चांगली बाजू आहे आणि ती सांगायलाच हवी. जागतिक बँकेच्या मदतीनं हुबळी-धारवाड, गुलबर्गा आणि बेळगाव या शहरांत ठराविक भागात चोवीस तास पाणी द्यायचा प्रयोग झाला, २००८ च्या सुमाराला आपल्याकडच्या काही वॉर्डांत नळाला खरोखर चोवीस तास पाणी यायला लागलं. त्या कामात इंजिनियरांबरोबर लोकांशी बोलायला म्हणून वेगळ्या सामाजिक संस्था नेमल्या होत्या. मीटर कशाला, बिल किती येणार, गरिबाचं कनेक्शन कापणार काय, हे प्रश्न घेऊन माणसं घराघरात गेली. लोकांच्या मनात शंका भरपूर होत्या, काही अजून आहेत, पण निदान कुणीतरी दारात येऊन उत्तर देत होतं. प्रयोगाच्या पुढं मात्र बाकी शहराला ते पाणी पोचायला इतकी वर्षं लागली की एक पिढी मोठी झाली, आणि आता रस्ता खोदला तर का खोदला हे सांगायलासुद्धा कुणी येत नाही. आमच्या क्षेत्रात पायलट प्रोजेक्टला जेवढं प्रेम मिळतं त्याच्या निम्मं जरी पुढच्या कामाला मिळालं तरी खूप होईल.

आणि पाण्याच्या बाबतीत आपल्या गावाला शिकवायला बाहेरनं कुणी यायची गरज नव्हती हो. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खणली, पंपा सरोवर नाव दिलं, आज आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, गंगाधरराव देशपांड्यांनी ते उभं केलं, आणि एवढ्या माणसांची पाण्याची-स्वच्छतेची सोय इथल्या लोकांनी, स्वयंसेवकांनी केली. पुढं नव्वदच्या दशकात टंचाई आली तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून परत वापरात आणल्या. आजही जुन्या पेठांत, वाड्यांत किती विहिरी आहेत, त्यातल्या कुठल्या गल्लीनं जाळी बसवून नीट ठेवल्यात आणि कुठल्या कचऱ्यानं बुजल्यात हे त्या त्या गल्लीच्या पंचांना पाठ आहे. राकसकोप आणि हिडकल ही धरणं भरली की शहर या विहिरी विसरतं. कुठलाही वॉटर प्लॅन करताना पहिलं काम हे असायला हवं की पंच मंडळींना घेऊन गल्लीगल्लीनं विहिरींची यादी करायची.

पंच मंडळ म्हटल्यावर बेंगळूरच्या साहेबांना कळत नाही, त्यांच्यासाठी नाही, पण तुमच्या नव्या वाचकांसाठी सांगते. बेळगावातल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत देवस्थानची पंच कमिटी असते, गणपतीचं मंडळ असतं, महिला मंडळ असतं, भिशी असते. वर्गणी गोळा करणं, हिशोब फळ्यावर लिहिणं, भांडण मिटवणं, मयताला माणसं जमवणं, पूर आला तर शाळेत जेवण शिजवणं, हे सगळं तेच करतात. यात दोष नाहीत असं नाही. बायकांना अजून बऱ्याच पंच कमिट्यांत मागं बसवतात, दलित वस्तीचं म्हणणं पोचत नाही, काही ठिकाणी दोन-तीन घरांचीच सत्ता चालते. पण कम्युनिटी पार्टनरशिप करायला नवी कमिटी, नवा लोगो, नवा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा आणि प्रोजेक्ट संपला की तो ग्रुप बंद, यापेक्षा आहे त्या मंडळांत बायकांची आणि मागं राहिलेल्या घरांची जागा मागून काम करणं जास्त टिकतं, हे मी बघितलंय.

आता कचऱ्याचं. शहराचा कचरा वेंगुर्ला रोडवरच्या तुरमुरीला जातो आणि त्या गावच्या लोकांना वासाचा, माशांचा, पाण्याचा काय त्रास होतो यावर तुम्ही वेळोवेळी लिहिलंय. शहर आमचं आणि नाक त्यांचं, ही भागीदारी नव्हे. त्याच रस्त्यानं घाट उतरून शेवटपर्यंत गेलात की वेंगुर्ला. तिथल्या नगरपरिषदेनं दहा वर्षांपूर्वी रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरातच कचरा वेगळा करायची सवय लावली, आणि जिथं कचऱ्याचे ढीग होते तिथं बाग केली, बायोगॅस केला, आता लोक ती जागा बघायला जातात. गाव लहान आहे, बेळगाव मोठं, मान्य. पण बेळगावात तरी ५८ वॉर्डच आहेत ना, एका वॉर्डाला एक वेंगुर्ला समजून करता येत नाही काय?

पुण्याचं उदाहरण जास्त जवळचं आहे कारण तिथं वेचणाऱ्या बायकाच मालक झाल्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळवून दिली, आणि २००८ मध्ये त्यातनंच स्वच्छ ही सहकारी संस्था आली, जिचा महापालिकेशी करार आहे. बायका दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी महिना फी मिळते, सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे. बेंगळुरात २०११ पासून महापालिकेनं वेचकांना ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. सामाजिक उद्योजकता म्हणजे मला हे वाटतं. आपल्याकडं गाडीवर काम करणारी एक ताई माझ्यासमोर प्लास्टिक वेगळं करत होती, पिशवी हातात घेऊन नुसती चुरगळायची आणि आवाजावरनं सांगायची, ही करकर वाजती ती वेगळी, ही मऊ आहे ती दुधाच्या पिशवीत जाईल, आणि ही चकचकीत आतनं चांदीसारखी आहे ती कुणी घेत नाही, टाका बाजूला. बिस्किट-वेफर्सची पाकिटं, म्हणजे जे प्लास्टिक खरं डोकेदुखी आहे, ते तिला हातानं कळतं. तिला कधी कुठल्या कार्यशाळेत बोलावलंय? बोलावलं तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? तज्ज्ञाला विमानाचं तिकीट आणि मानधन मिळतं, तिचा खाडा होतो. हे साधं आहे, बजेटमध्ये एक ओळ टाकायची, लोकांच्या वेळेचे पैसे. आजवर मी ज्या कामांत होते त्यात ती ओळ घालायला सांगितली की उत्तर एकच, क्लायंट मान्य करणार नाही.

आपल्या जिल्ह्यात सामाजिक उद्योग नाहीतच असंही नव्हे. अथणीचं बघा. कोल्हापुरी चप्पल म्हणून जी जगभर विकली जाते त्यातली किती अथणी, मदभावी, निपाणी भागातनं जाते. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना, त्यात बेळगाव आहे, सीमेनं चप्पल काही वाटून घेतली नाही. बाभळीची साल, हिरडा वापरून कमावलेलं कातडं, पुरुष तळ करणार आणि बायका वेणी घालणार, शिवणार, पण विकायला आणि पैसे घ्यायला व्यापारी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अथणीत टोहोल्ड नावानं काम सुरू झालं, बायकांचे बचत गट केले, नवी डिझाइन्स शिकवली, चेन्नईच्या चर्मसंशोधन संस्थेची मदत घेतली, आणि माल थेट परदेशात जायला लागला, मालकीत बायका. बाहेरचे तज्ज्ञ होते, पण वर्षानुवर्षं टिकून होते, आणि कारागिरांच्या हातातलं कसब धरून पुढं गेले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापुरीचं नावही घेतलं नाही तेव्हा सगळीकडं आरडाओरडा झाला, मग कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, पुढं बोलणी झाली. इथंही क्रम उलटाच, आधी वापरायचं, मग विचारायचं.

सहकाराबद्दल तर आपण अभिमानानं बोलावं. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी एक १९०५ मध्ये गदगजवळ कणगिनहाळला निघाली, तेव्हा तोही भाग आणि आपलं बेळगावही एकाच मुंबई इलाख्यात. आज आपल्या शहरात, निपाणीत, खानापुरात किती सोसायट्या, किती पतसंस्था आहेत. त्यातल्या काही बुडाल्या, ठेवीदार रडले, हेही खरं. पण नाल्याच्या जलपर्णीपासून खत करायचं, शहापूर-वडगावच्या हातमागाला-पॉवरलूमला सोलर द्यायचं, बासमतीला गटानं ब्रँड करून विकायचं, असल्या कामाला भांडवल बाहेरच्या फंडाकडं मागण्याआधी आपल्याच सोसायट्यांकडं मागायला काय हरकत आहे? सेल्को नावाची बेंगळूरची सोलर कंपनी १९९५ पासून हेच करत आली, गरीब गिऱ्हाइकाला ग्रामीण बँका आणि सोसायट्यांमार्फत कर्ज मिळवून द्यायचं, त्याच्या उत्पन्नाच्या वेळेप्रमाणं हप्ता बसवायचा, आणि बिघडलं तर दुरुस्तीला जवळच माणूस ठेवायचा. हुबळीत देशपांडे फाउंडेशननं सामाजिक उद्योजकांना उभं करायचं काम केलंय, ते आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. आपल्याच शहरात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आहे, इंजिनियरिंग कॉलेजं आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मुलं दुकानातनं मॉडेल विकत आणतात, त्यांना बळ्ळारी नाल्याच्या मोऱ्या मोजायला लावा, चार वर्षांत पूर्ण नाल्याचा नकाशा तयार होईल, आणि तो शेतकऱ्यांनी तपासलेला असेल.

वेळ आणि भाषा हे दोन विषय मला सोडवत नाहीत. बैठक मंगळवारी अकरा वाजता ठेवतात. जूनच्या शेवटी लावणीला गेलेली येळ्ळूरची बाई अकराला येणार कशी? मागावर बसलेला विणकर शिफ्ट सोडून येणार कसा? रात्री आठ वाजता गल्लीतल्या देवळात ठेवा, जागा भरते, उभं राहायला मिळत नाही. आणि नोटीस. सूचना, हरकती मागवायची जाहिरात इंग्रजी-कन्नडमध्ये निघते, ऑनलाइन टाकतात, मुदत पंधरा दिवस. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला फक्त मराठी वाचता येतं त्याला त्याचं शेत कुठल्या रंगात रंगवलंय हे कळेपर्यंत मुदत संपते. पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक जिथं आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या हे केंद्राच्या जुन्या धोरणातच आहे. मी हे कन्नडच्या विरोधात लिहीत नाही. नाला भरला की पाणी मराठी घरात आणि कन्नड घरात सारखंच शिरतं, आणि बैठकीत मी दोन्ही भाषेत बोलले की दोन्ही बाजूचे लोक एकमेकांच्या दुरुस्त्या करतात, हसतात, काम पुढं जातं. हा आपल्या सीमाभागाचा गुण आहे, याचा उपयोग करून घ्या एवढंच म्हणणं.

कायद्यात दार आहेच. तीन लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात हे ७४ व्या घटनादुरुस्तीनं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पावणेपाच लाखांच्या पुढं होतं. कर्नाटकच्या नियमांत प्रत्येक वॉर्डाला समिती, नगरसेवक अध्यक्ष, दहा सदस्य, त्यात निदान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातीचे, दोन रहिवासी संघटनांचे, आणि महिन्याला बैठक. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, शहर फेरीविक्रेता समितीत चाळीस टक्के फेरीवालेच हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. गणपत गल्ली, खडेबाजारातल्या बायकांना उठवायच्या आधी त्या समितीत विचारायचं असतं. तेव्हा कन्सल्टंट मंडळींना माझी विनंती आहे, तुमचा डीपीआर सहीला जायच्या आधी या समित्यांसमोर मराठी आणि कन्नडमध्ये ठेवा, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या आणि त्या घेतल्या की नाही आणि का नाही, हे त्याच्यातच छापा. महापालिकेला विनंती, टेंडरमध्येच अट घाला की शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर, लोकांसोबत जागेवर फिरून झाल्यावर. रस्त्याच्या ठेकेदाराला देखभालीची मुदत असते, आराखडा करणाऱ्याला का नसावी?

आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मुलामुलींबद्दलही एक वाक्य. दोन-तीन महिन्यांच्या करारावर, पेट्रोलचे पैसे वेळेवर न मिळता, उन्हापावसात ही पोरं गल्ल्या पालथ्या घालतात, लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात, आणि प्रोजेक्ट संपला की फोन नंबरसुद्धा बदलतो. पुढचा प्रोजेक्ट येतो, नवी पोरं येतात, तीच माहिती परत विचारतात, लोक वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे. गेल्या वेळी सांगितलं त्याचं काय झालं, हा प्रश्न मला प्रत्येक दारात ऐकायला लागतो. स्थानिक माणसं कायम ठेवा, त्यांना नीट पगार द्या, त्यांचं नाव रिपोर्टवर घाला.

संपादक साहेब, तुमच्याकडंही एक मागणं आहे. शहरातल्या वॉर्ड समित्यांच्या बैठका कधी, कुठं, कुठला विषय, आणि कुठल्या आराखड्यावर हरकती द्यायची शेवटची तारीख कधी, एवढं दर सोमवारी एका छोट्या चौकटीत मराठीत छापाल काय? माहिती गोळा करून द्यायला आम्ही काही जण तयार आहोत, महापालिकेत जाऊन विचारू, खात्री करून रविवारी दुपारपर्यंत तुमच्या ऑफिसात आणून देऊ. बळ्ळारी नाल्याच्या कामाचा पुढचा आराखडा येईल तेव्हा त्या चौकटीत त्याची तारीख असावी आणि वडगावच्या मामांना ती आठ दिवस आधी वाचायला मिळावी एवढ्यासाठी.

आपली,
एक नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव